संध्याकाळचं बटण

१

मी संशयी माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्या डोक्याबद्दल शंका घ्यायला तुम्ही मोकळे. शेजाऱ्याचं कुत्रं लांब्याला बघून शेपटी हलवतं आणि मला बघून नुसती जांभई देतं, एवढ्यानेही माझ्या पोटात दुखतं. लांब्या म्हणजे माझा धंद्यातला भागीदार. उंच, हसरा, कुणाच्याही घरात शिरला की लगेच घरचा होणारा. मी तिथे अर्धा दिवस बसलो तरी पाहुणाच राहतो.

आमचा धंदा रिमोटचा. मोठ्या घरांतून टीव्हीचा एक, स्पीकरचा एक, पडद्यांचा एक, दिव्यांचा एक असे रिमोट पडलेले असतात आणि हवा तो कधीच सापडत नाही. आम्ही ते सगळे मिळून एकच रिमोट करून देतो. त्यासाठी प्रत्येक घराची एक फाइल असते. घरात कोणती उपकरणं आहेत, कोणतं बटण दाबल्यावर आधी काय सुरू व्हायचं आणि नंतर काय, हे सगळं त्या फाइलमध्ये. बसवायला लांब्या जातो, फाइली मी सांभाळतो. म्हणजे कौतुक त्याचं, आणि चालत नाही म्हणून येणारे फोन माझे.

आमच्या स्वतःच्या घरातल्या रिमोटवर 'संध्याकाळ' नावाचं एक बटण आहे. दाबलं की हॉलचे पडदे लागतात, कोपऱ्यातला दिवा मंद होतो आणि बारीक आवाजात संगीत सुरू होतं. पुन्हा दाबलं की सगळं उलट. दमून आल्यावर बायकोशेजारी निवांत बसावं म्हणून मी ते केलं होतं. पण मी घरात असताना ती ते कधी दाबू द्यायची नाही. "राहू दे ना, उजेडच बरा," म्हणायची.

एक दिवस सहज रिमोट हातात घेतला, तर 'संध्याकाळ'ची अक्षरं पुसत आली होती. बाकीची बटणं अजून कोरी करकरीत.

२

बायको घरूनच काम करते, लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. पूर्वी मी दारात चपला काढतोय तोवर तिची दिवसभराची कहाणी सुरू व्हायची. प्रकाशक कसा डोकं खातो, वरच्या मजल्यावरची बाई कशी खुर्च्या ओढते, हत्तीला निळा रंग दिला तर कुणाला काय त्रास आहे. मी हं हं करत जेवायचो. खरं सांगायचं तर कंटाळायचो.

मग ती कहाणी बंद झाली. ती शांत असायची, छान दिसायची, स्वयंपाक करताना गुणगुणायची. मी विचारायचो, "आज काय विशेष?" ती म्हणायची, "काही नाही." आणि खरंच काही नसायचं. रुसवा नाही, तक्रार नाही. मला सांगण्यासारखं काही उरलेलंच नसायचं. कुणीतरी ते सगळं आधीच ऐकून गेलेलं असायचं.

हे तुम्हाला क्षुल्लक वाटेल. मला रात्र रात्र झोप लागेना.

शिवाय तो सोफा. आमचा सोफा लांब आहे आणि तिची सवय मधोमध पसरून बसायची; मला कडेला जागा करून घ्यावी लागायची. आता ती डाव्या टोकाला, अंग चोरून बसायला लागली. मी मुद्दाम तिच्याशेजारी बसलो की ती दचकल्यासारखी उजवीकडे बघायची आणि मग मला बघून हसायची. एकदा मी आल्या आल्या हॉलमध्ये गेलो. ती स्वयंपाकघरात होती, भांड्यांचा आवाज येत होता. सोफ्याच्या उजव्या बाजूची गादी खोल दबलेली होती, आणि माझ्यादेखत ती हळूहळू वर आली, जशी कुणी जड माणूस उठल्यावर येते. हात लावून पाहिला. गादी गार होती.

फोम जुना झाला की असं होतं, मी स्वतःला सांगितलं. सोफा फार काही जुना नव्हता.

३

साहजिकच मी लांब्यावर संशय घेतला. आणखी कुणावर घेणार?

"आज कुणी आलं होतं का?" मी विचारलं.

"भाऊजी आले होते सकाळी," ती म्हणाली. लांब्याला ती भाऊजी म्हणते. "टीव्हीच्या कॅबिनेटमधला पंखा घरघरत होता ना, साफ करून गेले."

"मला नाही सांगितलंस."

"पंख्याचं मी तुलाच सांगत होते इतके दिवस. तू हं म्हणालास आणि विसरलास."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात लांब्याने मला चहा आणून दिला, तोही मला गुन्हेगाराच्या दिलदारपणासारखा वाटला. "वहिनींचा हत्ती काय झकास आलाय रे," तो म्हणाला. हत्ती! मला तिने हत्ती दाखवलाही नव्हता.

एका दुपारी लांब्या गावाच्या दुसऱ्या टोकाला काम आहे म्हणून निघाला. मीही थोड्या वेळाने निघालो. गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावली आणि घरापर्यंत चालत गेलो. भर दुपारी आमच्या हॉलचे पडदे लागलेले होते.

दाराला कान लावला. आतून तिचा आवाज येत होता. फोनवर बोलताना माणूस जसा थोड्या चढ्या आवाजात बोलतो तसा नव्हता. शेजारी बसलेल्याशी बोलावं तसा होता. ती काहीतरी सांगायची, थांबायची, हसायची. ते हसू मी ओळखत होतो. लग्नाच्या नवलाईत मला ऐकू यायचं ते. ती थांबायची तेव्हा पलीकडून एक शब्दही येत नव्हता, पण ती शांतता रिकामी नव्हती. कुणीतरी नीट, जीव लावून ऐकत होतं.

मी किल्ली फिरवली. आत लगेच पडद्यांची मोटर वाजली, संगीत थांबलं. दार उघडून धावत हॉलमध्ये गेलो तोवर लख्ख उजेड झाला होता. ती डाव्या टोकाला बसली होती, हातात रिमोट. एकटी.

मी पडद्यामागे बघितलं. गॅलरीत बघितलं. बाथरूमचं दार ढकललं. ती नुसती बघत राहिली. मी लांब्याला फोन लावला.

"शिडीवर आहे रे, पटकन बोल," तो ओरडला. मागे कुणी बाई भिंतीला पडलेल्या भोकांवरून त्याला झापत होती.

मी फोन ठेवला आणि खोटं कशाला बोलू, माझी निराशा झाली. लांब्या असता तर निदान कुणाचा मत्सर करायचा ते तरी कळलं असतं.

४

याच सुमारास एका बंगल्यातल्या बाईंचा फोन आला. एकट्या राहतात, आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. "संध्याकाळ चालत नाही," म्हणाल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या धंद्यात नव्या घरासाठी कोरी फाइल कुणी करत नाही. त्याच मापाच्या जुन्या घराची फाइल उचलायची, नाव बदलायचं, नको ती उपकरणं काढायची, हवी ती घालायची. आमच्या घराची फाइल मी बाईंच्या फाइलवरून केली होती. त्यांची 'संध्याकाळ' मला आवडली होती. सगळं नीट बसलं, फक्त एक उपकरण निघेना. 'नवीन उपकरण' एवढंच त्याचं नाव. काढायला गेलं की बटणच मोडायचं, कारण 'संध्याकाळ'ची शेवटची पायरी ते होतं. मी कंटाळून तसंच राहू दिलं. जे उपकरण घरात नाही त्याच्यासाठी हवेत एक जास्तीचा इशारा जाईल, त्याने कुणाचं काय बिघडणार?

ते उपकरण कशाचं होतं हे मला बाईंनीही सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडे एक जुना, पिवळट, कुठल्याही कंपनीचं नाव नसलेला रिमोट होता. सुरू आणि बंद, बस. अशा अनोळखी रिमोटला आम्ही नव्या रिमोटसमोर नाकाला नाक लावून धरतो आणि बटण दाबतो. नवा रिमोट तो इशारा शिकून घेतो. तसं केलं आणि विचारलं, "हा कशाचा?" बाई म्हणाल्या, "हॉलमधल्याचा." दाबून बघितलं तर हॉलमध्ये काहीच झालं नाही. बाई मात्र म्हणाल्या, "चाललं. तुम्ही निघा आता."

तर मी बंगल्यावर गेलो. 'संध्याकाळ' दाबलं. पडदे लागले, दिवा मंदावला, संगीत सुरू झालं.

"सगळं तर चालतंय, मॅडम."

"शेवटचं नाही."

मी फोनचा कॅमेरा रिमोटच्या तोंडासमोर धरला. इशारा डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्यात लुकलुकताना दिसतो. लुकलुकत होता. "इशारा तर जातोय," मी म्हणालो.

"जातोय," बाई म्हणाल्या. "पण येत कुणी नाही."

त्या सोफ्याच्या एका टोकाला बसल्या होत्या. बाकीचा सोफा मोकळा. माझ्या मानेवरून गार वारं गेल्यासारखं झालं, पण हॉलची सगळी दारं बंद होती.

"ही फाइल तुम्ही दुसऱ्या कुणाला दिलीत?" त्यांनी विचारलं.

"छे हो. आम्ही असं करत नाही."

"तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"मी आणि बायको."

"ती कुठे बसते?"

माझी नजर सोफ्याच्या मोकळ्या टोकाकडे गेली. उत्तर द्यायची गरजच पडली नाही. बाईंचा चेहरा बदलला. वय झालेली, सोज्वळ बाई. पण ओठ असे आवळले गेले आणि डोळे असे बारीक झाले, की मला आरशात बघितल्यासारखं वाटलं.

"काढून टाका ते," त्या म्हणाल्या. "आत्ता. माझ्यासमोर."

"अहो, पण परत लागलं तर..."

"आता काय परत यायचंय? तिथे रमलंय ना!"

मी लॅपटॉप उघडला आणि काढून टाकलं. आधी 'संध्याकाळ'च्या सुरू होण्यातून, मग बंद होण्यातून, मग उपकरणच. या क्रमाने काढलं की बटण मोडत नाही, हे मला तेव्हा कळलं. ऑफिसातली प्रतही तिथल्या तिथे बदलली. जुन्या प्रती ठेवून जागा अडवायची नाही, हा लांब्याचा नियम. तोवर बाईंनी कपाटातून तो पिवळट रिमोट काढला, टेबलाच्या कडेवर ठेवला आणि वरून तळहाताने दणका दिला. त्याचे दोन तुकडे झाले. आतली हिरवी पट्टीही तुटली.

"मला नाही, तर तिला तरी कशाला," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

बाहेर पडताना मी मनाशी म्हटलं, एकटेपणाने डोकं फिरलंय बिचारीचं. आणि त्याच वेळी हेही जाणवलं, की बाईंचं म्हणणं मला अक्षरन् अक्षर पटलंय.

५

त्या दिवशीही मी गाडी लांब लावली. कुलपात तेल मी आदल्याच आठवड्यात घातलं होतं. किल्ली आवाज न करता फिरली.

बाहेर अजून ऊन होतं. घरात संध्याकाळ होती. दाराला लागूनच माझी कामाची खोली आहे. तिथून हॉलचा सोफा दिसत नाही, पण सगळं ऐकू येतं. मी खुर्चीत बसलो, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि ऐकायला लागलो.

ती तिच्या बाबांबद्दल बोलत होती. त्यांच्या शेवटच्या आजारपणात ती एकदा दवाखान्यातून चिडून निघून आली होती, ते. माझ्याशी ती यातलं एक अक्षरही कधी बोलली नव्हती. मी विचारलंही नव्हतं, ही गोष्ट वेगळी. बोलता बोलता तिचा आवाज भरून आला आणि मग सोफ्याची लाकडी चौकट करकरली. कुणीतरी सरकून जवळ बसलं होतं. त्यानंतर तिचा श्वास हळूहळू शांत झाला.

मला भीती वाटायला हवी होती. भिंतीपलीकडे माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर काय बसलं आहे ते मला माहीत नव्हतं. पण भीतीला जागाच नव्हती. मी फक्त जळत होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. तिचं रडणं माझं होतं. ते मला मिळायला हवं होतं.

मी फाइल उघडली. 'संध्याकाळ'च्या सुरू होण्यातून काढलं. बंद होण्यातून काढलं. मग 'नवीन उपकरण' निवडलं. खरंच काढून टाकायचं का, असं विचारलं गेलं. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कशाला हो म्हटलेलं नाही. बदललेली फाइल वायफायवरून निघून गेली, आणि हॉलमध्ये सोफ्यावर पडलेल्या रिमोटने ती घेतल्याची बारीक टिंग वाजली.

ती बोलायची थांबली.

"कोण आहे?" तिने विचारलं. मग घाईघाईने, "तू आलास?"

मोटर वाजली, पडदे सरकले, संगीत बंद झालं. पुन्हा मोटर वाजली, पडदे परत लागले, संगीत सुरू झालं. पुन्हा उघडले. ती बटण दाबत होती, परत परत दाबत होती.

मी हॉलच्या दारात गेलो. ती डाव्या टोकाला होती, सोफ्याच्या हाताला पाठ लावून, पाय वर घेऊन. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"बंद होत नाहीये," ती म्हणाली.

"काय बंद होत नाहीये?"

"तुला माहितीये काय ते. तू काय केलंस?"

"काढून टाकलं," मी म्हणालो. "फाइलमधून. गेलं ते."

तिने उजवीकडे बघितलं, आणि माझ्याकडे. "गेलं नाहीये," ती अगदी हळू म्हणाली.

आणि तेव्हा माझ्यासारख्या फाइली सांभाळण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला, नवशिक्यालाही कळलं असतं ते कळलं. फाइलमधून टीव्ही काढला म्हणून लागलेला टीव्ही बंद होत नाही. तो चालूच राहतो. फक्त तो बंद करायचं बटण तुमच्याकडे उरत नाही.

"तू यायच्या आधी मी रोज बंद करायचे," ती म्हणाली. "रोज. तुझी गाडी वाजली की पहिलं ते. ते नुसतं ऐकतं, बाकी काही करत नाही, पण तू आलास की मला ते नको असायचं. मला तू हवा असायचास."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं असतंस, कोण आहे. मला कुठे माहितीये?"

बाईंच्या टेबलावरचे ते दोन तुकडे, मी स्वतः त्यांच्यासमोर काढलेला तो इशारा, आणि आता हा. आणखी कुठे तो शिल्लक असेल का, हे मी भराभर आठवून पाहत होतो. कुठेच नव्हता.

"बघू आपण," मी म्हणालो. "ऊठ तू. चल, बाहेर जाऊ." आणि तिच्याकडे जायला निघालो.

गादी दबलेली होती. मी पाऊल टाकलं तशी ती दबलेली जागा तिच्या बाजूला सरकली. तिच्या खांद्यामागे, सोफ्याच्या पाठीवर बोटं दिसली. लांब, फिकी, शांतपणे टेकलेली. मी नीट बघायला गेलो तर तिथे नुसतं सोफ्याचं कापड होतं, पण तिच्या खांद्यावर कुडता आवळल्यासारख्या चुण्या पडल्या होत्या.

"थांब," ती ओरडली. "जवळ नको येऊस. त्याला आवडत नाहीये."

मी थांबलो. तिने डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला, आणि उजवीकडे मान वळवून, चिडलेल्या माणसाला समजावतात त्या गोड, जपून केलेल्या आवाजात बोलायला लागली.

"काही नाही रे," ती म्हणाली. "तो नुसता इथे राहतो."